क्यूएमएलमधले ऑब्जेक्ट सी++ मधून कसे गाठायचे

क्यूट, म्हणजे सी++ मधून खिडक्या-बटणांची ॲप बनवायची चौकट, शिकायला घेतलं की एक प्रश्न हमखास आडवा येतो. खिडकी क्यूएमएलमध्ये (पडदा मांडायच्या क्यूटच्या भाषेत) लिहिली, बटणं दिसतात, प्रोग्रेस बारही दिसतो, पण खरं काम चाललंय सी++ मध्ये. मग सी++ मधल्या फंक्शनमधून तो बार चाळीस टक्क्यांवर न्यायचा कसा? आधी विजेट्सवर (क्यूटच्या जुन्या, क्यूएमएलशिवायच्या पद्धतीवर) काम केलेल्यांना हे जास्तच खटकतं. तिथे डिझायनरमध्ये फॉर्म काढला की यूआयसी हे क्यूटचं साधन त्याचा सी++ क्लास बनवून देतं आणि प्रत्येक बटणाचा पॉइंटर हातात येतो. क्यूएमएलमध्ये तसा पॉइंटर आयता मिळत नाही. ऑब्जेक्ट तयार करतं ते क्यूएमएल चालवणारं इंजिन, तेही प्रोग्रॅम चालू झाल्यावर. सी++ कंपाइलरला त्यांची गंधवार्ताही नसते. पुढे ज्या अडचणी येतील त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच आहे: कंपाइलर काही बोलत नाही आणि चूक गुपचूप पुढे सरकते.

या लेखात एकच छोटं ॲप धरून चालू. फाइलींच्या प्रती काढायच्या. खिडकीत स्थिती दाखवणारं एक लेबल, एक प्रोग्रेस बार आणि ‘सुरू करा’ असं बटण. सी++ च्या बाजूला प्रत काढणारा क्लास. आवृत्ती क्यूट ६ धरली आहे. फंक्शन आणि प्रॉपर्टींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सलग आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहायची. मॅक्रो आणि सीमेकच्या आज्ञांना मात्र हा नियम लागू नाही.

पायरी १: मुळाशी पोचा, आणि मूळ आहे का ते आधी बघा

क्यूएमएलचे ऑब्जेक्ट झाडासारखे रचलेले असतात. आत कुठेही जायचं असलं तरी सुरुवात मूळ ऑब्जेक्टपासून. क्यूक्यूएमएल-ॲप्लिकेशन-इंजिन वापरत असाल, तर ‘लोड’ किंवा ६.५ पासून आलेलं ‘लोड-फ्रॉम-मॉड्यूल’ वापरून फाइल चढवायची आणि मग ‘रूट-ऑब्जेक्ट्स’ मागायचे. त्यातून यादी मिळते, त्यातला पहिला तो आपला.

‘लोड’ काहीच परत देत नाही. क्यूएमएलमध्ये एक महिरपी कंस राहिला, इम्पोर्ट चुकलं, तरी सी++ चा कोड निवांत पुढच्या ओळीवर जातो. यादी मात्र रिकामी असते, आणि रिकाम्या यादीतला पहिला घटक मागितला की प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून यादी रिकामी आहे का हे तपासायचं आणि असेल तर मेनमधून उणे एक परत करून बाहेर पडायचं. ६.४ पासून ‘ऑब्जेक्ट-क्रिएशन-फेल्ड’ हा सिग्नलही (काही घडलं की ऑब्जेक्ट सोडतो ती सूचना) आहे. तो जोडायचा असेल तर लोड करायच्या आधी जोडा. नंतर जोडून उपयोग नाही, गाडी गेलेली असते.

आणखी एक: फाइल नेटवर्कवरच्या पत्त्यावरून येत असेल तर लोड मागाहून पूर्ण होतं. तेव्हा लोडनंतरच्या लगेचच्या ओळीत यादी रिकामी दिसली म्हणजे चूक झाली असं नाही. तिथे ‘ऑब्जेक्ट-क्रिएटेड’ सिग्नलची वाट बघायची.

मिळालेल्या मुळाचा प्रकार कोणता, हेही इथेच लक्षात घ्या. फाइलीच्या माथ्यावर ॲप्लिकेशन-विंडो असेल तर मूळ ऑब्जेक्ट ही खिडकी आहे, म्हणजे क्यूक्विक-विंडोचा वंशज. ती क्यूक्विक-आयटम नाही. तिला आयटममध्ये कास्ट केलं की नल हाती येतो आणि नवशिका तासभर नावांची स्पेलिंग तपासत बसतो. इंजिनऐवजी क्यूक्विक-व्ह्यू वापरला तर उलट: खिडकी व्ह्यू स्वतः देतो आणि मूळ आयटमच असावं लागतं, ते ‘रूट-ऑब्जेक्ट’मधून एकटंच मिळतं.

पायरी २: आयडी नाही, ऑब्जेक्ट-नेम

क्यूएमएल लिहिताना आपण सगळ्यांना आयडी देतो, त्यामुळे सी++ मधूनही त्याच आयडीने हाक मारता येईल असं वाटतं. येत नाही. आयडी ही प्रॉपर्टी नाही. क्यूएमएलच्या आतल्या आत एकमेकांचा उल्लेख करण्यापुरती ती खूण आहे. बाहेरून दिसणारं नाव वेगळं आणि ते द्यावं लागतं ‘ऑब्जेक्ट-नेम’ या प्रॉपर्टीत, अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून. ही प्रॉपर्टी क्यूऑब्जेक्टचीच आहे, त्यामुळे प्रत्येक क्यूएमएल ऑब्जेक्टकडे ती असते.

आपल्या ॲपमध्ये प्रोग्रेस बारला ‘प्रगती-पट्टी’ आणि लेबलला ‘स्थिती-लेबल’ अशी ऑब्जेक्ट-नेम देऊ. आयडी हवे तर ठेवा, दोन्ही एकत्र नांदतात. फक्त एकाच फाइलीत आयडी दोनदा आला तर क्यूएमएल कुरकुर करतं, ऑब्जेक्ट-नेम दहा जणांचं सारखं असलं तरी कुणी विचारत नाही. पुन्हा पुन्हा वापरायच्या कंपोनंटच्या आत ऑब्जेक्ट-नेम लिहिलं की नेमकं हेच होतं: तो कंपोनंट चार ठिकाणी वापरला की एकाच नावाचे चौघे तयार.

पायरी ३: शोधा

शोधायचं काम ‘फाइंड-चाइल्ड’ करतं. कोनी कंसात प्रकार, गोल कंसात ऑब्जेक्ट-नेम. प्रकार कोणता द्यायचा? प्रोग्रेस बारचा खरा सी++ क्लास क्यूटच्या खासगी हेडरमध्ये आहे. तो घ्यायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या आवृत्तीत तो तसाच राहील याची हमी नाही. क्यूऑब्जेक्ट-पॉइंटर पुरतो. रुंदी-उंची, जागा अशा दृश्य गोष्टी हव्या असतील तर क्यूक्विक-आयटम घ्या, तो क्लास सार्वजनिक आहे.

सापडलं नाही तर नल मिळतो, आणि नल तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो का आला याची कारणं मात्र नीट समजून घ्यायला हवीत, कारण सगळा वेळ इथे जातो.

पहिलं कारण अगदी साधं. फाइंड-चाइल्ड मुलं शोधतं, ज्याच्यावर हाक मारली त्याला स्वतःला नाही. मुळालाच नाव देऊन मुळावरच ते नाव शोधलं तर ते सापडणार नाही.

दुसरं कारण झाडांचं आहे. क्यूट क्विकमध्ये, म्हणजे क्यूएमएलच्या दृश्य आयटमांच्या संचात, प्रत्येक आयटमला दोन पालक असू शकतात. एक क्यूऑब्जेक्टचा पालक, जो मालकी ठरवतो: पालक गेला की मूलही जातं. दुसरा दृश्य पालक, जो पडद्यावर कोण कोणाच्या आत हे ठरवतो. बहुतेक वेळा दोन्ही झाडं सारखीच दिसतात म्हणून हा फरक जाणवत नाही. फाइंड-चाइल्ड पहिल्या झाडावर चढतं. रिपीटर किंवा लिस्ट-व्ह्यूने डेलिगेटमधून, म्हणजे एका ओळीच्या साच्यातून, तयार केलेले आयटम पडद्यावर डोळ्यांसमोर असले तरी या झाडावर तुम्हाला वाटतं तिथे सापडतीलच असं नाही. दृश्य झाड फिरायचं असेल तर क्यूक्विक-आयटमचं ‘चाइल्ड-आयटम्स’ वापरा. आणि शंका आली की मुळावर ‘डम्प-ऑब्जेक्ट-ट्री’ चालवा. कोण कोणाचं मूल आहे ते नावासकट डीबग आउटपुटमध्ये छापून येतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

तिसरं कारण वेळेचं. लोडरने (गरज पडेल तेव्हा आयटम चढवणाऱ्याने) अजून आतला आयटम तयारच केला नसेल, स्टॅक-व्ह्यूने (पानांवर पानं रचणाऱ्याने) ते पान अजून ढकललंच नसेल, तर शोधायला तिथे काही नाही. आणि लिस्ट-व्ह्यू नजरेत येणाऱ्या ओळींपुरतेच डेलिगेट तयार ठेवतो. हजारावी ओळ शोधून तिचा रंग बदलायचा बेत मुळातच चुकीचा आहे. तिथे मॉडेल, म्हणजे यादीमागचा डेटा, बदलायचं असतं.

पायरी ४: वाचा आणि लिहा

ऑब्जेक्ट मिळाला. आता ‘प्रॉपर्टी’ फंक्शनने वाचायचं, ‘सेट-प्रॉपर्टी’ने लिहायचं. प्रोग्रेस बारची प्रॉपर्टी ‘व्हॅल्यू’, तिला शून्य दशांश चार दिलं की बार चाळीस टक्क्यांवर सरकतो. वाचलेली किंमत क्यूव्हेरिएंटच्या वेष्टनात येते, तिला ‘टू-डबल’ किंवा ‘टू-स्ट्रिंग’ करून उघडायचं.

सेट-प्रॉपर्टीत एक सापळा आहे. समजा ‘व्हॅल्यू’ लिहिताना एक अक्षर गाळलं. अपेक्षा असते की काहीतरी एरर यावी. येत नाही. त्या चुकीच्या नावाची प्रॉपर्टी ऑब्जेक्टवर नसते, म्हणून क्यूट त्या नावाची एक नवी डायनॅमिक प्रॉपर्टी तयार करून त्यात तुमची किंमत ठेवून देतं. बार जागचा हलत नाही. वरून गंमत म्हणजे त्याच चुकीच्या नावाने वाचलं तर तुमचीच किंमत परत मिळते, त्यामुळे डीबगरमध्ये सगळं बरोबर दिसतं! बचाव एकच: सेट-प्रॉपर्टी अशा वेळी ‘फॉल्स’ परत देतं, ते बघा. निदान डेव्हलपमेंटच्या काळात तरी त्यावर एक चेतावणी छापत जा. वाचतानाही तसंच. नसलेली प्रॉपर्टी वाचली की अवैध क्यूव्हेरिएंट मिळतो आणि त्याचा टू-इंट केला की शून्य. शून्य ही खरी किंमतही असू शकते, म्हणून आधी ‘इज-व्हॅलिड’ विचारा.

लेबलच्या फाँटचा आकार बदलायचा झाला तर? क्यूएमएलमध्ये आपण फाँट, टिंब, पिक्सेल-साइझ असं लिहितो. सेट-प्रॉपर्टीला टिंब कळत नाही. तिथे ‘क्यूक्यूएमएल-प्रॉपर्टी’ हा क्लास घ्या. त्याच्या ‘राइट’ला टिंबासकट नाव चालतं आणि जमलं नाही तर तोही फॉल्स देतो.

बाइंडिंगकडेही लक्ष असू द्या. क्यूएमएलमध्ये ‘टेक्स्ट’ समोर एखादं गणित लिहिलेलं असेल, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असेल (हेच बाइंडिंग), आणि तुम्ही सी++ मधून तिथे थेट मजकूर घातलात, तर दोघांचं जुळत नाही. कोणत्या मार्गाने लिहिलं त्यावर, एकतर बाइंडिंग तुटतं आणि लेबल यापुढे आपोआप बदलणं थांबतं, किंवा बाइंडिंग टिकतं आणि पुढच्या बदलाला तुमचा मजकूर पुसून टाकतं. दोन्ही परिणाम वाईट. बाहेरून लिहायची प्रॉपर्टी बाइंडिंगशिवाय ठेवा.

पायरी ५: क्यूएमएलचं फंक्शन बोलवा

प्रॉपर्ट्या एकेक करून बदलण्यापेक्षा क्यूएमएलच्या मुळाशी एक फंक्शन लिहून ते बोलवणं बरं. आत लेबल आहे की दुसरं काही, ते सी++ ला मग कळायची गरज उरत नाही. यासाठी ‘क्यूमेटा-ऑब्जेक्ट’चं ‘इन्व्होक-मेथड’ आहे: ऑब्जेक्ट, फंक्शनचं नाव स्ट्रिंगमध्ये, परतीची किंमत कुठे ठेवायची ते आणि आर्ग्युमेंट.

इथे प्रकार काटेकोर जुळावे लागतात. फंक्शन लिहिताना आर्ग्युमेंटला प्रकार दिला नसेल, तर सी++ च्या बाजूने क्यूव्हेरिएंटच द्यायचा आणि क्यूव्हेरिएंटच घ्यायचा. कोलन देऊन ‘स्ट्रिंग’ लिहिलं असेल तर मात्र क्यूस्ट्रिंग. अदलाबदल केली की फंक्शन चालत नाही, कन्सोलवर अशी मेथड नाही म्हणून ओळ येते आणि इन्व्होक-मेथड फॉल्स देतं. ‘अरे, फंक्शन तर समोर आहे’ असं म्हणत डोकं खाजवायची वेळ आली की आधी प्रकार बघा.

पायरी ६: सिग्नल जोडा

आता उलट दिशा. ‘सुरू करा’ दाबलं की सी++ मधला स्लॉट, म्हणजे सिग्नल आला की चालणारं फंक्शन, चालायला हवा. क्यूएमएलच्या मुळाशी ‘प्रत-सुरू’ असा सिग्नल जाहीर करायचा, बटणाच्या ‘ऑन-क्लिक्ड’मध्ये तो सोडायचा आणि सी++ मध्ये कनेक्ट लिहायचं. फंक्शन-पॉइंटरची नवी पद्धत इथे चालत नाही, कारण ज्या सिग्नलचा कंपाइलरला पत्ताच नाही त्याचा पॉइंटर आणायचा कुठून? म्हणून ‘सिग्नल’ आणि ‘स्लॉट’ या जुन्या मॅक्रोंची, नाव स्ट्रिंग म्हणून देण्याची पद्धत. सिग्नलच्या आर्ग्युमेंटला ‘व्हार’ म्हटलं असेल तर सी++ ला ते क्यूव्हेरिएंट दिसतं. चूक कळते ती चालवल्यावरच, कन्सोलवरच्या एका ओळीत. ती ओळ रोज वाचायची सवय लावा.

पायरी ७: आता हे सगळं उलटं करा

सहा पायऱ्या शिकलात, कोड चालतो. तरी माझं स्पष्ट मत: खऱ्या ॲपमध्ये यातलं फार थोडं उरायला हवं. क्यूटचं अधिकृत दस्तऐवजही सी++ मधून क्यूएमएलचे ऑब्जेक्ट हलवणं चाचण्या आणि कच्च्या नमुन्यांपुरतं ठेवा, असंच सांगतं. कारण उघड आहे. उद्या डिझायनरने प्रोग्रेस बार काढून तिथे गोल चकती बसवली, नाव बदललं, तर सी++ चा कोड तुटतो. आणि तुटलाय हे कुणालाच कळत नाही, कारण कंपाइल तर झालाय.

म्हणून दिशा फिरवा. सी++ ने पडद्यावर काय आहे हे माहीत करून घेऊ नये. आपल्याकडे काय आहे ते मांडावं आणि क्यूएमएलने ते उचलावं. आपल्या ॲपमध्ये असं दिसेल: प्रत काढणारा क्लास क्यूऑब्जेक्टपासून काढा. त्यात ‘क्यू-प्रॉपर्टी’ मॅक्रोने ‘प्रगती’ आणि ‘स्थिती’ जाहीर करा, प्रत्येकीला ‘रीड’ (किंमत वाचणारं फंक्शन) आणि ‘नोटिफाय’ (किंमत बदलल्याचं कळवणारा सिग्नल) द्या. ‘सुरू’ हे फंक्शन ‘क्यू-इन्व्होकेबल’ करा. क्लासमध्ये ‘क्यूएमएल-एलिमेंट’ हा मॅक्रो लिहा आणि सीमेकमध्ये (प्रकल्प बिल्ड करायच्या साधनात) ‘क्यूटी-ॲड-क्यूएमएल-मॉड्यूल’मधून मॉड्यूल बनवा. मग क्यूएमएलमध्ये प्रोग्रेस बारच्या व्हॅल्यूसमोर त्या ऑब्जेक्टची प्रगती लिहायची, बटणाच्या ऑन-क्लिक्डमध्ये सुरू बोलवायचं. संपलं. शोधाशोध नाही, नावं नाहीत, कास्ट नाहीत. बार जाऊन चकती आली तरी सी++ ला त्याचं सोयरसुतक नाही.

नोटिफाय विसरू नका. ते नसलं तर पहिली किंमत दिसते आणि तिथेच गोठते. इंजिन कन्सोलवर चेतावणी देतं, पण ती वाचणारा हवा. आणि सिग्नल किंमत खरोखर बदलली तरच सोडा. सेटरच्या सुरुवातीला जुनी-नवी सारखी असेल तर परत फिरा.

ऑब्जेक्ट क्यूएमएलपर्यंत पोचवायचे मार्ग दोन-तीन आहेत. क्यूएमएलनेच तो तयार केला तर काहीच करावं लागत नाही. पूर्ण ॲपला एकच हवा असेल तर ‘क्यूएमएल-सिंगलटन’. सी++ मध्ये आधीच बनलेला, कन्स्ट्रक्टरला चार गोष्टी लागणारा असेल, तर क्यूएमएलच्या मुळाशी ‘रिक्वायर्ड’ प्रॉपर्टी ठेवा आणि लोडच्या आधी इंजिनच्या ‘सेट-इनिशियल-प्रॉपर्टीज’मधून तो द्या. जुन्या उदाहरणांत ‘सेट-कॉन्टेक्स्ट-प्रॉपर्टी’ सर्रास दिसेल. चालतं, पण नव्या कोडमध्ये टाळा: ते नाव कुठून आलं हे फाइल वाचून कळत नाही आणि क्यूएमएल तपासणाऱ्या साधनांनाही ते ओळखता येत नाही.

यादी दाखवायची असेल तर सी++ मधून आयटम घडवत बसू नका. ‘क्यूॲब्स्ट्रॅक्ट-लिस्ट-मॉडेल’ लिहा आणि लिस्ट-व्ह्यूला द्या.

आयुष्य आणि थ्रेड

फाइंड-चाइल्डने मिळालेला पॉइंटर मेंबर व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवला असेल तर तो ‘क्यूपॉइंटर’मध्ये ठेवा. लोडरचा सोर्स बदलला किंवा स्टॅक-व्ह्यूने पान काढून टाकलं की आतले ऑब्जेक्ट जातात, आणि साधा पॉइंटर मेलेल्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. क्यूपॉइंटर अशा वेळी आपोआप नल होतो.

उलट्या दिशेला मालकीचा वेगळाच घोळ आहे. क्यू-इन्व्होकेबल फंक्शनने पालक नसलेला नवा क्यूऑब्जेक्ट परत दिला, तर त्याची मालकी जावास्क्रिप्टकडे जाते आणि गार्बेज कलेक्टर तो कधीतरी उचलतो. प्रोग्रॅम पाच मिनिटं छान चालून मग कोसळतो, अशी तक्रार असेल तर इथे बघा. ऑब्जेक्टला पालक द्या किंवा ‘सेट-ऑब्जेक्ट-ओनरशिप’ने तो सी++ चाच आहे हे सांगून ठेवा. प्रॉपर्टीमधून दिलेल्या ऑब्जेक्टला हा नियम लागू नाही.

प्रत काढायचं काम वेगळ्या थ्रेडवर असेल, आणि असायलाच हवं, तर त्या थ्रेडवरून क्यूएमएलच्या कुठल्याही ऑब्जेक्टला हात लावू नका. ते सगळे मुख्य थ्रेडवर राहतात. कामकरी ऑब्जेक्टने सिग्नल सोडायचा, मुख्य थ्रेडवरच्या आपल्या क्लासच्या स्लॉटने तो घ्यायचा आणि प्रगती बदलायची. थ्रेड वेगळे असले की क्यूट तो सिग्नल रांगेत टाकून पोचवतं, लॉक लावायची गरज पडत नाही.

चाचण्यांत मात्र फाइंड-चाइल्ड बिनधास्त वापरा. खिडकी लोड करायची, ऑब्जेक्ट-नेमवरून बटण शोधायचं, ‘क्यूसिग्नल-स्पाय’ क्लिक्डवर लावायचा, बटणावर माऊस दाबल्याचं सोंग करायचं आणि सिग्नल एकदाच आला का ते मोजायचं. त्यासाठी दिलेल्या ऑब्जेक्ट-नेमांना ‘चाचणी’ असा उपसर्ग ठेवलात, तर क्यूएमएल आवरायला बसलेला सहकारी ती निरुपयोगी समजून पुसून टाकणार नाही.